घराची रिकामी चाचणी

जिन्यावरची पावलं दारापाशी येऊन थांबली होती आणि अजून किल्लीचा आवाज झाला नव्हता. आतल्या खोलीत, पलंग आणि कपाट यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत तीन माणसं जमिनीवर बसली होती. पडदे ओढलेले होते. सकाळचे दहा वाजले तरी खोलीत जुन्या विहिरीच्या तळाशी असावा तसा हिरवट, साचलेला उजेड होता, आणि त्या उजेडात आपलेच पाय आपल्याला परके वाटत होते. बाहेरच्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक इतक्या वर्षांत एवढी स्पष्ट कधी ऐकू आली नव्हती.

"श्वास रोखा," पत्नी अगदी हलक्या आवाजात म्हणाली. "हलू नका."

हे वाक्य ती दिवसातून चाळीस वेळा म्हणत असे. इस्पितळात क्ष-किरणांच्या यंत्रामागे उभं राहून माणसांच्या आतल्या हाडांची छायाचित्रं काढणं हे तिचं काम होतं. पण तिथे या वाक्यापाठोपाठ 'सोडा' असा दिलासाही येत असे. इथे तो कधी येणार हे फक्त तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं, कारण त्याच्या मांडीवरच्या वहीत ते लिहिलेलं होतं : रविवार, सायंकाळी सहा.

"मला खोकला येतोय," त्याची आई म्हणाली.

"आई, आपण घरात नाही आहोत," तो कुजबुजला.

"मग खोकायला काय हरकत आहे?"

किल्ली फिरली.

मांडीवर वही घेऊन बसलेल्या त्या नवऱ्याला सगळी इमारत 'निरीक्षक' म्हणत असे. सरकारी कागदावर त्याचं पद बरंच लांबलचक होतं. थोडक्यात सांगायचं तर तो शहरातल्या लिफ्ट तपासायचा. पंचवीस वर्षं तो लोखंडी पिंजऱ्यांच्या टपावर उभा राहून अंधाऱ्या चौकोनी विहिरींतून वरखाली हिंडला होता. असं काम करणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की कळून चुकते : जे पडत नाही ते केवळ अजून पडलेलं नसतं. ही समजूत त्याने कामावरून घरी आणली होती आणि ती घरातल्या चौथ्या माणसासारखी राहत होती.

तिच्यामुळेच अकरा वर्षं ती तिघं कुठेही गेली नव्हती. पत्नीला समुद्र बघायचा होता. मागणं एवढंच होतं. दर वर्षी सुट्टी ठरायची, दिवस ठरायचा, आणि निघायच्या आदल्या दिवशी घर आडवं यायचं. एका वर्षी स्वयंपाकघरातला नळ ठिबकू लागला. पुढच्या वर्षी तो ठिबकत नव्हता, म्हणून निरीक्षकाला शंका आली. एकदा तर ती तिघं कोपऱ्यावरच्या थांब्यापर्यंत पोहोचली होती. तिथे त्याला इस्त्रीचं बटण आठवलं आणि परतल्यावर कळलं, की इस्त्री दुरुस्तीला दिलेली आहे.

या वर्षी त्याने आठ महिने आधी समुद्रकाठच्या एका लहानशा हॉटेलात खोली राखून ठेवली होती, पुढच्या महिन्याच्या बारा तारखेपासून दहा दिवस. खिडकी थेट पाण्यावर उघडणारी ती एकच खोली होती आणि तिच्यासाठी प्रतीक्षायादी होती. त्या दिवशी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता पत्नी म्हणाली होती, "या वेळी नाही झालं, तर मी पुन्हा विचारणार नाही."

आवाजात राग असता तर त्याला हायसं वाटलं असतं. राग म्हणजे भार, आणि भार मोजता येतो. पण ती हे उशीच्या अभ्र्याला सांगावं तसं बोलली होती. दोरखंडातले धागे एकेक करून तुटतात तेव्हा आवाज होत नाही, हे निरीक्षकाला ठाऊक होतं. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच त्याने केलं : ज्या गोष्टीत तो हुशार होता तीच जरा जास्त केली.

"नवीन लिफ्ट बसली, की आपण लगेच माणसं चढवत नाही," त्याने गेल्या आठवड्यात जेवताना मांडणी केली. "आधी ती रिकामी चालवतो. रिकामी चाचणी. घरही तसंच. आपल्याशिवाय दोन दिवस चालवून बघायचं. काय गळतं, काय वाजतं, शेजारी झाडांना पाणी घालतात की नाही, सगळं आधीच कळेल. मग बारा तारखेला मनात काही उरणार नाही."

"दोन दिवस आपण कुठे जायचं?" पत्नीने विचारलं. तिच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी लकाकलं.

"घरातच."

"घरातच," तिने ते वाक्य परत त्याच्यापुढे ठेवलं.

"निरीक्षण कोण करणार? चाचणीच्या वेळी मी पिंजऱ्यात नसतो, पण टपावर असतोच ना. आपण असायचं, पण नसल्यासारखं. दिवा नाही, नळ नाही, पंखा नाही. फोन बंद, कारण समुद्रावर रेंज नसेल. आणि शेजाऱ्यांना खरंच गेलो असं वाटलं पाहिजे. खोट्या भारावर खरी चाचणी होत नाही."

ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, एखादं छायाचित्र उजेडासमोर धरून कुठे चीर आहे ते शोधावं तशी. मग म्हणाली, "याने जर तुम्ही निघणार असाल, तर दोन दिवस काय, मी कपाटातही राहीन."

म्हणून आज पहाटे सहा वाजता ती तिघं सामानासकट सर्वांदेखत निघाली होती. शेजारच्या डॉक्टरांच्या हाती किल्ली आणि चार पानी सूचनापत्र दिलं होतं. हॉटेलचा फोन नंबर शेवटच्या पानावर होता. डॉक्टरांनी खाली उभं राहून हात हलवला होता. टॅक्सी दोन गल्ल्या फिरून मागच्या बोळात आली, आणि तिघं मागच्या जिन्याने चार मजले चढून स्वयंपाकघराच्या दाराने पुन्हा आपल्याच घरात चोरासारखी शिरली.

"आयुष्यभर लोकांच्या लिफ्टा तपासल्यास," तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत आई म्हणाली होती, "आणि आईला जिन्याने चढवलंस."

आता बाहेरच्या खोलीत डॉक्टरांची पावलं हिंडत होती.

डॉक्टर निवृत्त होते. त्यांचा व्यवसाय भूल देण्याचा. जी माणसं उत्तर देत नाहीत त्यांच्याशी बोलण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. बायको गेल्यापासून तर त्यांना दुसऱ्या कोणत्या प्रकारच्या श्रोत्याची सवयच उरली नव्हती. तेव्हा रिकाम्या घरात शिरताच ते सहज बोलू लागले, यात नवल नव्हतं.

"चार पानं," ते झाडांपाशी पुटपुटले. "म्हणे, पाणी मुळाशी घालावं. मी काय शेंड्यावर ओतणार होतो?"

पाणी मातीत मुरण्याचा आवाज आला. मग आरामखुर्ची करकरली. निरीक्षकाच्या अंगावर बारीक काटा आला. ती त्याची खुर्ची होती, आणि ती करकर, जरा खालच्या पट्टीत सुरू होऊन वर जाणारी, ही तिची फक्त त्याच्याशी बोलायची खाजगी भाषा आहे असं तो समजत होता. खुर्ची डॉक्टरांशीही तेच बोलली. त्याने वहीत नोंद केली : '१०.१४. खुर्ची. अपेक्षेप्रमाणे.'

"सुटल्या एकदाच्या वहिनी," डॉक्टर समोरच्या रिकाम्या कोचाला म्हणाले. "गॅलरीत उभ्या राहून विचारायच्या, डॉक्टर, समुद्राचा वास खरंच लांबून येतो का हो. मी म्हणायचो, येतो, वळण घेतलं की येतो. तर म्हणायच्या, मग मी वळणावरच उतरेन. तिथून चालत जाईन."

हे निरीक्षकाला ठाऊक नव्हतं. त्याने अंधारात पत्नीकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती.

आणि तेव्हा आई खोकली. दोन लहान, एक लांब. पंधरा वर्षं इमारतीची सकाळ ज्या खोकल्याने होत होती, अगदी तोच.

बाहेर सगळं थांबलं. खुर्चीसुद्धा.

"मावशी?" डॉक्टरांचा आवाज आला.

तिघांनी श्वास रोखला. घड्याळ आपलं काम करत राहिलं. बऱ्याच वेळाने डॉक्टर बोलले तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. टेबलावरच्या माणसाच्या कपाळावर हात ठेवून बोलावं तसा तो मऊ झाला होता. "बरं," ते म्हणाले. "बरं. कळलं मला." मग पाण्याची झारी हळूच जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला, आणि दार इतक्या अलगद लागलं, की ते लागलं हे लॅचच्या 'टक्' अशा आवाजावरूनच समजलं.

"काय कळलं त्यांना?" आईने विचारलं.

"काही नाही. किरकोळ आवाज, दखल घेतली गेली," निरीक्षक लिहिता लिहिता म्हणाला.

"अहो, आत्ताच्या आत्ता जा आणि सांगा," पत्नी म्हणाली. "म्हातारा माणूस आहे. घाबरला असेल."

"आता सांगितलं, तर चाचणी बाद. पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल."

'पुन्हा पहिल्यापासून' हे शब्द त्या खोलीत थोडा वेळ तरंगत राहिले. पत्नी अर्धवट उठली होती ती पुन्हा खाली बसली. ही या गोष्टीतली पहिली चूक. यानंतर ज्या चुका झाल्या त्या फक्त हिच्या मागोमाग रांगेने आल्या.

दुपार चढत गेली. आपण नसताना घर काय करतं, हे फार थोड्या माणसांना पाहायला मिळतं, आणि पाहिलेल्या माणसाला ते विसरता येत नाही. घर काहीच करत नव्हतं. फ्रिज मध्येच गुरगुरे आणि आठवल्यासारखा गप्प होई. नळाच्या पोटात कुणीतरी आवंढा गिळे. पडद्याच्या फटीतून आलेली उन्हाची एक रेघ जमिनीवरून सरकत कोचाच्या पायापाशी आली, त्यावर चढली, पलीकडे उतरली. तिला कुणाचीही वाट पाहायची नव्हती. अकरा वर्षं ज्या घरासाठी निरीक्षक मागे राहिला होता, त्या घराला त्याची गरज असल्याची एकही खूण सकाळपासून नोंदली गेली नव्हती. डॉक्टर गेल्यापासून वहीत एकही नवी नोंद नव्हती. चाचणी उत्तम चालली होती. तो मात्र पुन्हा पुन्हा वहीची पानं उलटून बघत होता.

दोनच्या सुमारास बाहेरच्या जिन्यावर आवाज आले. तिघं रांगत, भिंतीला धरून, मुख्य दाराच्या आतल्या बाजूला येऊन बसली. पलीकडे डॉक्टर होते आणि इमारतीच्या सेक्रेटरीबाई. बाईंचा आवाज मुळातच सूचनाफलकासारखा होता. दार, भिंत, माणूस, कशाचाही त्याला अडथळा होत नसे.

"तिघांचे फोन बंद," डॉक्टर सांगत होते. "साडेचार तासांचा रस्ता. सहाला निघाले. मी हॉटेलला विचारलं, तर म्हणतात, आज अशी कुणी माणसं आलेलीच नाहीत."

"गाडी पंक्चर झाली असेल."

"सेक्रेटरीबाई, मावशी आत खोकल्या."



"कुठे आत?"

"घरात. दोन लहान, एक लांब. मी स्वतः त्यांना टॅक्सीत बसताना बघितलंय. नंतर मी दार उघडलं, आत कुणी नाही, आणि आतून मावशी खोकल्या."

दाराबाहेर कुणीतरी एक पाऊल मागे सरल्याचा आवाज आला.

"म्हणजे," सेक्रेटरीबाई म्हणाल्या, आणि सूचनाफलक पहिल्यांदाच कुजबुजला, "रस्त्यात?"

"माणूस अचानक गेला, की आधी घरी येतो. त्याला वाटत राहतं, काहीतरी राहिलंय."

"निरीक्षक तर येणारच. गॅस बंद केलाय का ते बघायला."

दाराच्या आत निरीक्षकाने नकळत स्वयंपाकघराच्या दिशेने मान वळवली. पत्नीने ते पाहिलं.

"जा," ती ओठांनीच म्हणाली. "दार उघडा. सांगा."

"काय सांगू? की आम्ही मेलो नाही, नुसते खोटं बोललो?" तो तितक्याच हलक्या आवाजात म्हणाला. "जरा लोक पांगू देत. मग मागच्या दाराने उतरून, पुढून येऊ. लवकर परतलो म्हणून सांगू."

पण लोक पांगले नाहीत. वरचा मजला उतरून आला, खालचा चढून आला. मागच्या जिन्यावरही माणसं बसली, कारण पुढच्या जिन्यावर जागा उरली नव्हती. जितका उशीर होत होता तितकं तिघांचं मरण पक्कं होत होतं. दोन वाजता ते एक तर्क होतं, तीन वाजता बातमी, आणि चार वाजता त्यात घाटातलं एक वळण आणि समोरून येणारा मालट्रक असा तपशील भरला गेला होता. मालट्रक कुणी आणला ते कळलं नाही.

मग माणसं आठवणी काढू लागली. निरीक्षकाने वही मिटली. आपल्याविषयी आपल्या मागे काय बोलतात, हे दाराच्या फटीला कान लावून ऐकणं म्हणजे स्वतःच्या खोलीच्या खिडकीतून बाहेरून आत डोकावण्यासारखं होतं.

"सज्जन माणूस," वरच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले. "लिफ्टमध्ये भेटला, की नेहमी सांगायचा, ही कधीही पडू शकते."

"मी तेव्हापासून जिनाच वापरते," कुणी बाई म्हणाली. "गुडघे गेले, पण जीव राहिला."

"आणि त्या? बायको?"

यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. बाहेर वीसेक माणसं असावीत. वीस माणसं आठवत होती. शेवटी कुणीतरी म्हणालं, "शांत होत्या."

"हो, शांत होत्या," दोघातिघांनी मान डोलावल्यासारखं म्हटलं.

पत्नी दाराला पाठ टेकून बसली होती. निरीक्षकाने तिच्या हातावर हात ठेवला. तिचा हात थंड होता. तिने तो काढून घेतला नाही आणि ठेवलाही नाही.

"मी एक काम उरकलं आपलं," सेक्रेटरीबाईंचा आवाज पूर्ववत झाला होता. "हॉटेलला पुन्हा फोन केला. म्हटलं, ती माणसं आता कधीच यायची नाहीत, उगाच खोली अडवून ठेवू नका. तिथला माणूस बिचारा फार हळहळला. म्हणाला, यादीतले पुढचे लोक रोज फोन करतात, त्यांना लगेच कळवतो. कुणाचा तरी फायदा होऊ दे."

खिडकी थेट पाण्यावर उघडणारी ती एकच खोली होती. दाराच्या आत कुणीही हललं नाही. नळाने आवंढा गिळला.

"ऐक," निरीक्षक काही वेळाने म्हणाला. "मी सोमवारी पहिलं काम हेच करतो. पुढच्या वर्षीची तारीख घेतो. आत्तापासून घेतली तर पूर्ण एक वर्ष मिळेल आपल्याला तयारीला."

 सासूने सुनेकडे एकदा बघितलं आणि मग मुलाकडे असं बघितलं, की त्याने वही पाठीमागे लपवली.

तेवढ्यात बाहेर डॉक्टर म्हणाले, "सगळे जरा गप्प राहा. मी त्यांच्याशी बोलतो."

"कुणाशी?"

"त्यांना अजून कळलेलं नसेल. शुद्धीवर येणाऱ्या माणसाला एकदम सांगायचं नसतं. हळूहळू सांगायचं असतं. हे काम मला जमतं."

दाराच्या पलीकडे कुणीतरी गुडघ्यावर बसल्याची सळसळ झाली. मग लाकडातून, अगदी निरीक्षकाच्या कानाशी, तो मऊ, जाणता, चाळीस वर्षं माणसांना या काठावरून त्या काठावर नेऊन सोडणारा आवाज आला.

"निरीक्षक. ऐकू येतंय ना? घाबरू नका. हात जड वाटतील, घर लांब वाटेल. सगळ्यांना वाटतं तसं. तुम्ही आता इथले नाही आहात. गॅस बंद आहे. मी बघितलाय. नळ ठिबकत नाही. तुमच्यावाचून सगळं नीट चाललंय. सोडा आता."

निरीक्षकाचे हात जड झाले. खरोखर झाले. उन्हाची रेघ केव्हाच विझली होती, आणि खोलीतल्या वस्तू एकमेकींपासून दूर सरकत होत्या. पाण्याखालच्या वस्तू काठावरून दिसाव्यात, तसं त्याला आपलं घर दिसू लागलं : त्याची खुर्ची, तिचा कोच, आईची काठी, आणि या सगळ्यांच्या मध्ये कुणीच नाही. सकाळची टॅक्सी त्याला आठवली. ती मागच्या बोळात वळली होती, की सरळच गेली होती? मागच्या जिन्याच्या किती पायऱ्या होत्या? त्याने अंगठ्याने मनगटावरची नाडी शोधली. ती सापडेना. त्याने घाईघाईने दुसऱ्या मनगटावर शोधली.

"वहिनी," आवाज पुढे म्हणाला, आणि इथे तो जरा अडखळला. "तुम्हाला समुद्र बघायचा होता. आता जा. घराची काळजी करू नका, झाडांना मी पाणी घालीन. आता यादी नाही, तारीख नाही. तुम्हाला कुणी अडवायचं नाही. वळण आलं, की वास येईल. तिथे उतरा."

डॉक्टर रडत होते. लाकूड थरथरत होतं ते त्यामुळे, हे निरीक्षकाला थोड्या वेळाने कळलं. आपण मेलो आहोत हे कळायला जितका वेळ लागला होता, त्याहून जास्त वेळ त्याला शेजाऱ्याचं रडणं कळायला लागला.

"आणि मावशी..." डॉक्टरांना पुढे बोलवेना.

"आजींचं काही नाही हो," सेक्रेटरीबाईंनी सांत्वन केलं. "त्या काय, पिकलं पान. आज ना उद्या गळायचंच होतं. वाईट वाटतं ते बाकीच्या दोघांचं."

"पिकलं पान कुणाला म्हणतेस गं भवाने?" आई बसल्या जागेवरून खणखणीत आवाजात म्हणाली. "तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त बघेन मी."

बाहेर जे झालं ते किंचाळणं नव्हतं. वीस माणसांनी एकाच वेळी श्वास आत ओढला आणि तो सोडायला कुणी तयार होईना. जिन्यावर कुणाचा तरी चष्मा पडला आणि पायरी पायरीने खाली जात राहिला. त्या नीरव क्षणी पत्नी उठली. तिने साडीची चुरगळलेली घडी हाताने सारखी केली, कोनाड्यातली पर्स उचलली आणि दार उघडलं.

उजेड आत शिरला. समोर डॉक्टर गुडघ्यावर होते, डोळे लाल, हात अजून दारावर ठेवल्यासारखा हवेत. त्यांच्या मागे पायऱ्यांवर माणसं एकमेकांना धरून उभी होती. आणि आत, नळाऐवजी भरून ठेवलेली बादली, पाण्याच्या बाटल्या आणि काठी यांच्यामध्ये, निरीक्षक स्वतःच्या मनगटाला पकडून जमिनीवर बसला होता.

"तुम्ही..." सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

"चाचणी होती," निरीक्षक म्हणाला. "घराची. रिकामी. म्हणजे, लिफ्ट कशी आधी..." आणि मग डोळ्यांच्या वीस जोड्यांपुढे ते वाक्य मधल्याच मजल्यावर अडकून पडलं.

डॉक्टर दाराच्या चौकटीला धरून हळूहळू उठले. त्यांनी निरीक्षकाकडे पाहिलं नाही. खिशातून किल्ली काढली आणि चार पानी सूचनापत्रासकट उंबऱ्यावर ठेवली. "मी रडलो हो," ते म्हणाले, कुणालाही उद्देशून नाही. "बायको गेली तेव्हा नव्हतो रडलो."

"डॉक्टर, बसा इथे," आई म्हणाली. तिने आतून खुर्ची ओढत आणली होती. "मी मेले नाही, ही काही वाईट बातमी नाही. बसा. आणि त्या पोरीला पाणी द्या कुणीतरी, ती पांढरी पडलीय." सेक्रेटरीबाई खरोखरच पांढऱ्या पडल्या होत्या.

पत्नीने डॉक्टरांच्या खांद्याला हलकेच हात लावला. "वळण कुठलं?" तिने विचारलं.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "दीपस्तंभाची पाटी लागते," ते म्हणाले. "तिच्यानंतरचं. डावीकडचं."

ती वाकून चपला घालू लागली. पहाटे टॅक्सीत बसताना घातलेल्याच त्या चपला होत्या, आणि पहाटेपासून अंगावर प्रवासाचेच कपडे होते. तिला तयारी अशी काही करायचीच नव्हती.

"अगं, कुठे निघालीस?" निरीक्षक धडपडत उठला. पायाला मुंग्या आल्या होत्या. भिंतीला धरत तो दारापर्यंत आला. "खोली नाही आपल्याकडे आता. दिली त्यांनी दुसऱ्याला. तिथे उतरणार कुठे?"

तिने एक चप्पल घातली.

"चारची बस गेली. पुढची कितीला आहे ते माहीत आहे का? भरलेली असेल. परतीचं तिकीट? बरोबर औषधं, टॉवेल, काही? निदान बारा तारखेपर्यंत थांब. मी दुसरं हॉटेल बघतो. दोन-तीन बघतो. तुलना करू."

तिने दुसरी चप्पल घातली. बक्कल नीट लागत नव्हतं. तिने ते घाई न करता पुन्हा लावलं. पायऱ्यांवरची माणसं, कुणी सांगितलं नसताना, भिंतीच्या बाजूला सरली आणि मधून एक अरुंद वाट झाली. ती त्यातून उतरू लागली. शेजाऱ्यांनी तिला इतकं नीट पहिल्यांदाच पाहिलं असावं. एक-दोघांनी तर मान झुकवली.

ती जिन्याच्या वळणापाशी पोहोचली तेव्हा निरीक्षकाच्या लक्षात आलं, की त्याच्या हातातली वही कुठेतरी पडली आहे, आणि विचारण्यासारखे सगळे प्रश्न त्याने विचारून संपवले आहेत. एकच राहिला होता. अकरा वर्षांत तो त्याला सुचला नव्हता.

"अगं," तो कठड्यावरून वाकून म्हणाला. आवाज त्याला स्वतःला ओळखू आला नाही. "मी येऊ?"

ती थांबली. तिने वर पाहिलं, एक श्वास होईल इतकाच वेळ. मग त्याच्यासाठी न थांबता, कठड्यावर हात ठेवून ती खालचा जिना उतरू लागली.